दा नांगचं चाम शिल्पांचं संग्रहालय, एका गुरवानं पाहिलेलं

आमच्या घराण्याकडं गावच्या महादेवाची पूजा आहे. गाव अंबाजोगाईपासून आत, देऊळ हेमाडपंती, भावकीत चार घरं आणि महिन्या-महिन्याची पाळी. पहाटे गाभारा झाडायचा, कालचा बेल काढायचा, पिंड धुवायची, गळती भरून वर टांगायची, हे मी बाराव्या वर्षापासून करतोय. आता एकसष्टावं चालू आहे. व्हिएतनामहून आल्यापासून पारावर, बसस्टँडवर, दर सोमवारी देवळात एकच विचारणा होते, "गुरव, तिकडं खाल्लं काय?" खाण्याचं शेवटी सांगतो. तिकडं चाम नावाच्या तिथल्या लोकांनी पूर्वी घडवलेले आपले देव आहेत, चांगले दीड हजार वर्षांचे आहेत, आणि आपल्या भागातून दा नांग शहराला जाणारी बरीच माणसं त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावरून परत येतात. म्हणून हे लिहितोय.

पोरगी पुण्यात नोकरीला आहे. तिनं दिवाळीत माझं पारपत्र काढलं आणि फेब्रुवारीत सात दिवसांची सहल ठरवली, माणशी ७५,००० रुपये. कंपनी संभाजीनगरची, माणसं लातूर, परळी, नांदेडकडची, सगळी मिळून बावीस. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण वागायला सगळे चांगले होते. सोबतच्या पोरानं म्हाताऱ्या माणसांच्या बॅगा स्वतः उचलल्या. पण काय दाखवायचं याचा हिशोब त्यांचा पार चुकला. बा ना डोंगरावरच्या सोनेरी पुलाला अख्खा दिवस दिला. संगमरवराच्या एका दुकानात दोन तास बसवलं. चाम संग्रहालयाला पाऊण तास, त्यात लघवी-पाणी आलं आणि दारातला ग्रुप फोटोही आला. मी पहिल्या दालनात पोचतो न पोचतो तोच शिट्टी झाली.

बसमध्ये लातूरच्या एक बाई म्हणाल्या, "काय हो, आपल्या वेरूळला हेच हाय की." मी गप्प राहिलो, पण ते मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी होती. बाकीची मंडळी बाजारात गेली. मी पोरीला म्हटलं, "माय, मला परत तिथंच ने." तिनं गाडी मागवली. तिकीट ६०,००० डोंग, आपले दोनशेच्या आसपास. आम्ही एकला आत गेलो आणि पाचला दार बंद करायच्या वेळी बाहेर आलो.

इमारत पिवळ्या रंगाची, हान नदीच्या काठाला, ड्रॅगन पुलाच्या जवळ. फ्रेंचांच्या काळातली, १९१९ साली लोकांना खुली झाली. तिच्या आधीही या जागी बाग होती आणि आसपासच्या गावांतून गोळा केलेल्या मूर्ती त्या बागेत ठेवलेल्या असत. संग्रहात दोन हजारांच्या आसपास वस्तू आहेत, मांडलेल्या पाचशेक. दालनांना नावं दिलीत ती मूर्ती जिथं सापडल्या त्या गावांची: मी सन, त्रा किउ, दोंग दुओंग, थाप माम. ही मांडणी मला फार पटली. आपणही देव गावावरूनच ओळखतो, परळीचा, औंढ्याचा, वेरूळचा. नुसतं 'शिव, वालुकाश्म' असं लिहिलं असतं तर मला परकं वाटलं असतं. 'मी सनचा' म्हटल्यावर त्याला घर आहे हे कळतं.

मी सनच्या दालनाच्या दारात हात आपोआप चपलेकडं गेला. तिथली राखणदार बाई हसून हातानं नको म्हणाली. पायात चपला ठेवूनच आत गेलो, पण त्या दालनात मी मोठ्यानं बोललो नाही.

तिथं उभा गणपती आहे. मीटरभर उंच, सातव्या-आठव्या शतकातला, मी सनच्या ई-५ असा क्रमांक दिलेल्या देवळातला. हे देऊळ खास त्याचंच होतं. दुसऱ्या कुणाच्या दारात बसवलेला हा गणपती नाही. आपल्याकडं उभा गणपती कमी दिसतो, आणि दिसला तर नाचणारा. हा शांत उभा आहे, वजन दोन्ही पायांवर सारखं, पोट सुटलेलं पण बेढब नाही. कमरेला वाघाचं कातडं, जानव्याच्या जागी नाग. चार हातांतले काही मोडलेत. डाव्या हातात वाटी आहे आणि सोंडेचं टोक त्या वाटीत. मोदक उचलायला सोंड वळली आहे तिथं दगडावर बारीक वळ्या आहेत, लहान लेकराच्या मनगटावर असतात तशा. पोरीनं पाटी वाचून सांगितलं, "दादा, उजव्या हातात मुळा आहे." मी जवळ जाऊन बघितलं. खरंच पाल्यासकट मुळा. आपल्याकडच्या जुन्या गणपतींच्या हातातही मुळा सांगितलेला आहे, पुढं तो गेला आणि आपण परशू, पाश, मोदक यांवर आलो. आमच्या कोणाच्या ध्यानात न राहिलेली गोष्ट त्या दूरच्या पाथरवटानं पानासकट जपून ठेवली. मी तिथं किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. पोरगी खुर्ची शोधून बसली होती.

शेजारी शेषशायी, मी सनच्याच ई-१ देवळातला. देवळाच्या दारावर बसवायची लांबट शिळा आहे. विष्णू शेषावर पहुडलाय, नाभीतून कमळ निघालंय, कमळावर ब्रह्मदेव. दोन्ही टोकांना गरुड, हातात साप धरलेले. वेरूळच्या दशावतार लेण्यात, पंधरा नंबरच्या, शेषशायी मी कितीदा बघितलाय. तिथं पायाशी लक्ष्मी असते. इथं पायाशी तपस्वी बसलाय. त्यांची भक्ती तपस्व्यांवर फार असावी असं मला ते दालन बघत बघत वाटत गेलं. कारण त्याच ई-१ देवळातला जो मोठा चौथरा आहे, ज्यावर पिंड बसायची, त्याच्या चारी बाजूंना ऋषीच ऋषी कोरलेत. कोणी उपदेश करतोय, कोणी बासरी वाजवतोय, एक जण आडवा पडलाय आणि दुसरा त्याचं अंग चेपतोय. देवाच्या बैठकीला तपस्व्यांचं रोजचं जगणं लावलंय. आमच्या देवळाच्या बाहेरच्या अंगाला नर्तकी आहेत, वाजंत्री आहेत, युद्ध आहे. पण दमलेल्या माणसाचे पाय चेपणारा माणूस कोरलेला मी आपल्याकडं बघितलेला नाही.

त्या लातूरच्या बाईंना आता उत्तर देतो. वेरूळचं कैलास आणि मी सनचा गणपती यांच्या काळात फार अंतर नाही. पण आपल्याकडं कारागिरानं काळा कातळ डोंगराच्या माथ्यापासून खाली खाली कोरत नेला. चाम लोकांनी देऊळ विटांचं बांधलं आणि देवासाठी, दारासाठी, चौथऱ्यासाठी तेवढा वालुकाश्म वापरला. आपला दगड टाकीला दाद देत नाही, म्हणून आपल्या मूर्तींत जोर आहे. त्यांचा दगड मऊ, रंगानं करडा-पिवळट, म्हणून गालावरची गोलाई, ओठांची कड, कानातल्या कुंडलाचं वजन सगळं उतरलंय. काही चेहऱ्यांना मिशा आहेत, नाक रुंद, ओठ जाड. पोरीला ते वेगळं वाटलं. मला नाही वाटलं. आमच्या महादेवाला शिवरात्रीला जो पितळी मुखवटा चढवतो, त्यालाही पीळदार मिशा आहेत आणि तोंडवळा आमच्या भागातल्या माणसाचाच आहे. जिथला महादेव तिथल्या माणसासारखा दिसणार.

मुखवट्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. चाम राजे पिंडीला सोन्याचा कोश करून घालत, त्याला तोंड असे. 'कोश' हाच शब्द त्यांच्या संस्कृत शिलालेखांत आहे. मी सनच्या एका लेखात प्रकाशधर्म राजानं देवाला कोश आणि मुकुट अर्पण केल्याचं आहे, साल शके ६०९, म्हणजे इसवी सन ६८७. पोरीनं मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा मी तिला पुन्हा वाच म्हटलं. शके! आमच्या पंचांगावर आजही शके छापलेलं असतं. शालिवाहन म्हटलं की आम्हाला पैठण आठवतं, घरापासून एका दिवसात जाऊन यायची जागा. संकल्प सोडताना मी रोज शके उच्चारतो. आणि समुद्रापलीकडचा राजा महादेवाला मुखवटा घालताना तेच शक मोजत होता. संग्रहालयात मला रडू आलं ते याच ठिकाणी. मूर्तीपुढं आलं नाही, सालापुढं आलं.

आता पिंडींबद्दल. त्या संग्रहालयात शाळुंका, म्हणजे पिंडीच्या पन्हळ असलेल्या बैठका, पुष्कळ आहेत. चौकोनी, गोल, खाली पाकळ्यांची कड असलेल्या. त्रा किउच्या दालनातला चौथरा तर बघण्यासारखा आहे. वर बाण, म्हणजे पिंडीचा उभा दगड, आणि मोठी गोल शाळुंका, खाली चौकोनी बैठक, तिच्या चारी बाजूंना माणसांच्या रांगा. एका बाजूला धनुष्य मोडतोय, म्हणून काही अभ्यासक म्हणतात ही सीतेच्या लग्नाची गोष्ट आहे, काही म्हणतात कृष्णाची. एका बाजूला अकरा अप्सरा नाचतायत, प्रत्येकीचा हात वेगळा. लोक अप्सरांचे फोटो काढत होते. मी मात्र पन्हळ बघत होतो. पूजा करणाऱ्याची नजर तिकडंच जाते, पाणी कुठून पडतं, कुठून वाहतं, कुठं बाहेर निघतं. पन्हळीचा उतार बोटभर आहे. कारागिराला पाण्याची वाट माहीत होती. आणि ती पन्हळ कोरडी ठणठणीत.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्यांना आठवत असेल. त्या उन्हाळ्यात आमच्या गावातली विहीर, आड, बोअर, सगळं आटलं होतं. टँकर आठ दिवसांनी यायचा. गावानं ठरवलं, देवाला तांब्याभर पाणी, बाकी माणसाला आणि जनावराला. मी सकाळी तांब्याभर पाण्यानं पिंड पुसून घ्यायचो आणि गळती रिकामीच वर टांगायचो. दोन महिने शाळुंकेच्या पन्हळीतून पाणी वाहिलं नाही. दगडाचा रंग बदलला होता, काळ्याचा राखाडी झाला होता. पहिला पाऊस पडला त्या दिवशी मी पागोळीचं पाणी धरून आत नेलं. दा नांगच्या दालनात ओळीनं मांडलेल्या शाळुंका बघितल्या आणि मला तो राखाडी रंग आठवला. इथं दुष्काळ शेकडो वर्षांचा. संग्रहालयानं त्यांना धुळीपासून, चोरापासून, पावसापासून जपलंय. नावगाव लिहून ठेवलंय, उजेड नीट पाडलाय. त्यांचे उपकारच मानायचे. तरी पाणी ज्याच्यासाठी घातलं जायचं तो दगड बिनपाण्याचा बघणं आमच्यासारख्याला जड जातं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. कोणी गुरव, जंगम, पुजारी हे वाचत असेल तर त्यानं मनाची तयारी करून जावं.

थाप मामच्या दालनात काम मोठं होत जातं, अंगावर येतं. बाराव्या-तेराव्या शतकातलं. गजसिंह आहे, तोंड हत्तीचं आणि अंग सिंहाचं, माणसाहून उंच. त्याच काळातल्या काही चौथऱ्यांना खालून स्तनांची रांग कोरलेली आहे. आदल्या दिवशी आमच्या ग्रुपमधली पोरं तिथं हसली होती, मोबाइल काढत होती. आपल्या तेरला, भोकरदनला लज्जागौरी सापडल्यात. आपल्या आज्या लेकरासाठी अशाच देवीची ओटी भरत आल्या. पोरांना कोणी सांगितलंच नाही, त्यांचा काय दोष? सोबतच्या गाइडनं तरी दोन वाक्यं बोलायला हवी होती. तो शाळुंकेला दोनदा 'टेबल' म्हणाला.

मोरावरचा कार्तिकस्वामीही मी सनचाच आहे, थाप मामहून परत येताना त्याच्यापुढं थांबा. मोराचा पिसारा देवाच्या पाठीमागं प्रभावळीसारखा उभा राहिलाय.

मी सन हे ठिकाण दा नांगपासून सत्तर किलोमीटर. डोंगरांच्या मधोमध वाडगा असावा तशी जागा, चौथ्या शतकाच्या शेवटाला भद्रवर्मा राजानं इथं पिंड स्थापली आणि तिला आपलं नाव जोडलं, भद्रेश्वर. पुढं ते देऊळ जळालं. शंभुवर्म्यानं पुन्हा बांधलं, देवाचं नाव शंभुभद्रेश्वर झालं. सत्तरच्या वर इमारती होत्या. १९६९ मध्ये अमेरिकेच्या विमानांनी बॉम्ब टाकले आणि सगळ्यांत मोठं ए-१ देऊळ पडलं. तिथं आता विटांचा ढीग आहे आणि जवळपास बॉम्बचे खड्डे, त्यात गवत वाढलंय. विटा अशा एकमेकींत बसल्यात की सांध्यात चुना दिसत नाही. आधी भिंत उभी करायची आणि मग विटेवरच कोरायचं, अशी त्यांची रीत. चाम भाषेत देवळाला 'कलन' म्हणतात. कलन म्हणजे फक्त गाभारा, एका माणसापुरता. मंडपातल्या गर्दीचं तिथं काम नाही, आत पुजारी आणि देव. शेजारी बी-५ नावाची इमारत आहे, वरचं छप्पर नावेसारखं. ती देवाची कोठी, दागिने आणि पूजेची भांडी ठेवायची. तिचं दार देवळाच्या दिशेला नाही हेही मी बघून घेतलं. आमच्या कोठीचंही नाही.

मी सनला भारतीय पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी काम केलंय, ए, एच आणि के या गटांतली देवळं सावरलीत. ए-१० देवळात काम करताना मे २०२० मध्ये अखंड वालुकाश्माची पिंड निघाली, नवव्या शतकातली. बाण आणि शाळुंका एकाच दगडातली. ती आज तिथंच आहे, मूळ जागी. दोरीच्या अलीकडून बघता येते. वर आभाळ उघडं. पन्हळीत एक वाळकं पान पडलेलं होतं. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती, पण तिथला नियम तिथला, तो मोडायचा नाही. हात जोडून डोळे मिटले आणि घरी करतो तशी सगळी पूजा मनातल्या मनात केली, आचमनापासून प्रदक्षिणेपर्यंत. सोमसूत्र, म्हणजे पन्हळीची वाट, ओलांडायचं नाही म्हणून मनातसुद्धा अर्ध्यातून मागं फिरलो. डोळे उघडले तेव्हा ग्रुप पुढं गेला होता आणि पोरगी माझी छत्री धरून उभी होती.

इथल्याच एका शिलालेखात गंगाराज नावाच्या चाम राजाची गोष्ट आहे. राज्य सोडून तो गंगेच्या दर्शनाला निघाला. आमच्याकडं आजही काशी करून आलेला माणूस मावंदं घालतो, गंगेच्या गडव्याची पूजा होते, भाऊबंद पाया पडतात. त्या राजाला समुद्र ओलांडून यायचं होतं.

आता माझं मत. संग्रहालयाला पाचपैकी पाच. मी सनलाही पाच, पण सकाळी लवकर जा, दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही चढतात. आधी संग्रहालय बघा, मग मी सन. आमचं उलटं झालं होतं आणि पहिल्या दिवशी रिकाम्या देवळांत कोण राहत होतं ते आम्हाला कळलंच नाही. म्हणून दुसरी खेप स्वतःच्या पैशानं केली. कंपनीला दोन देतो, आणि ते दोन त्या बॅगा उचलणाऱ्या पोराचे. सहल ठरवतानाच विचारा, संग्रहालयाला किती तास? दोनपेक्षा कमी सांगितले तर स्वतःची गाडी करा. इंग्रजी पाट्या वाचून सांगणारं माणूस सोबत असू द्या. पाट्या चांगल्या आहेत, थोडक्यात आणि मुद्द्याच्या.

संगमरवराच्या डोंगराखालच्या एका दुकानातून पोरीनं त्या उभ्या गणपतीची नक्कल घेतली, वीतभर, ९ लाख डोंग, आपले तीन हजारांच्या आसपास. दगडाची म्हणून दिली. हातात घेतल्यावर वजन हलकं लागलं, पण तिच्या आनंदावर विरजण नको म्हणून बोललो नाही. घरी आल्यावर स्नान घातलं तर पाणी राखाडी झालं आणि पोटाजवळ पांढरे डाग पडले. भुकटी साच्यात ओतून केलेली मूर्ती. हातात मुळाही नाही, कमळ केलंय. दिवाणखान्यातल्या कोनाड्यात ठेवलीय, पूजेत नाही. त्या डोंगराच्या पायथ्याला हातानं घडवणारे चांगले कारागीर शेकड्यानं आहेत. विकत घ्यायचं तर टाकी चालताना बघून, त्याच माणसाकडून घ्या, आणि दुकानातच पाणी ओतून बघा.

जेवणाचं: शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. बौद्ध लोकांची शाकाहारी दुकानं असतात, पाटीवर 'चाय' लिहिलेलं असतं, म्हणजे शाकाहार. भात, टोफू, पालेभाजी. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती चौथ्या दिवशी संपली. संपताना बसमधल्या सगळ्यांनी मागून घेतली.

सगळ्यांत मोठी गोष्ट मला परतायच्या आदल्या रात्री कळली. चाम लोकांचं राज्य एकसंध नव्हतं, त्याचे भाग होते. अमरावती, विजय, कौठार, आणि सगळ्यांत दक्षिणेला पांडुरंग. हो, पांडुरंग. त्या मुलखाचं नाव पांडुरंग होतं. आज त्या गावाला फान रांग म्हणतात, ते त्याच नावाचं झिजलेलं रूप. बाकीची राज्यं एकेक करून गेली, विजय १४७१ मध्ये पडलं, पांडुरंग १८३२ पर्यंत टिकलं. पोरीनं हे वाचलं तेव्हा आमच्या खोलीत परळीचे एक माळकरी काका बसले होते. त्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरव, मग आपण पांडुरंगाला न जाताच चाललो की."

फान रांगला टेकडीवर पो क्लोंग गराई नावाचं देऊळ आहे, तेराव्या-चौदाव्या शतकातलं, विटांचंच. दारावर नाचणारा शिव, आत मुख असलेली पिंड, समोर नंदी. आणि तिथं पूजा बंद पडलेली नाही. हिंदू चाम लोक अजून त्या भागात आहेत, त्यांचे पुजारी आहेत. वर्षातून एकदा, आपल्या नवरात्राच्या आसपास, त्यांचा काते नावाचा सण असतो. त्या दिवशी डोंगरातल्या रागलाई लोकांकडून देवाची वस्त्रं वाजतगाजत आणतात, दार उघडतात, पिंडीला स्नान घालतात, मग वस्त्र नेसवतात. पाणी पडतं. वर्षातून एकदा का होईना, पन्हळीतून पाणी वाहतं.

कंपनीच्या कचेरीत जाऊन विचारलं, फान रांग नेता का? म्हणाले, कोणी मागत नाही. मी म्हटलं, मी मागतोय, परळीचे काका मागतायत. दहा जण झाले तर बघू म्हणाले. आतापर्यंत सहा झालोत. अंबाजोगाई, परळी, केज, लातूरकडचं कोणी येणार असेल तर देवळात येऊन सांगावं, सकाळी सातपर्यंत मी आतच असतो. या वर्षी अश्विनाची पाळी माझ्याकडं येते. चुलतभावाशी बोलून ती मी कार्तिकाशी बदलून घेतलीय.